घटस्फोटाच्या केसमधला पैसा: वकिलाची फी, कॉस्ट आणि हुकूमनामा (सांगली-साताऱ्याकडच्या नवख्यांसाठी)

घटस्फोटाची केस उभी राहिली की नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात: किती वर्षं लागतील आणि पोटगी किती मिळेल. तोवर वकील, समन्स, नकला आणि एसटीचा खर्च कोण करणार, हे कुणीच विचारत नाही. मी या सगळ्यातून गेले आहे. सासर खानापूर तालुक्यात, नवऱ्याचा गलाईचा (सोनं-चांदी गाळण्याचा) धंदा तमिळनाडूत आणि माहेर मिरज तालुक्यात. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये काय करायचं ते तुमचा वकीलच सांगेल. पण त्याच्यासमोर बसताना काय विचारायचं, ते इथे वाचून जा.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोर्टातला पैसा लेखी मागावा लागतो, योग्य टप्प्यावर मागावा लागतो, आणि आदेश मिळाला तरी वसूल आपणच करायचा असतो. न्यायाधीशांना आपली परिस्थिती दिसतेय, ते आपणहून काही देतील, या आशेवर बसू नका.

१. कायदा कोणता, कोर्ट कुठलं

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख यांनाही लागू आहे. आमच्या सांगली-मिरज भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण "आमचा कायदा वेगळा असेल" म्हणून कितीतरी जण उगाच महिने घालवतात. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तर कलमं वेगळी, पण खर्च आणि पोटगीच्या तरतुदी बऱ्याच सारख्या आहेत. हा लेख हिंदू विवाह कायद्यापुरता आहे.

लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा समोरची व्यक्ती जिथे राहते, तिथे अर्ज करता येतो. बायको अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही. म्हणजे माहेरी राहणाऱ्या बाईने सासरच्या तालुक्यात किंवा नवऱ्याच्या धंद्याच्या गावी हेलपाटे घालायची गरज नाही. त्या भागासाठी कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे. लग्नाला वर्ष झालं नसेल तर अपवादात्मक परवानगीशिवाय अर्जच चालत नाही.

नवरा परराज्यात असेल तर समन्सलाच बराच वेळ जातो. समन्स तिकडच्या कोर्टामार्फत बजावलं जातं. पत्ता दुकानाचा आणि राहत्या घराचा असे दोन्ही द्या, सोबत इंग्रजी भाषांतर लावा, आणि गावाकडचा पत्ताही अर्जात घाला. पत्ता अर्धवट असला की बेलिफाचा "सदर इसम मिळून आला नाही" असा अहवाल येतो आणि पुढची तारीख पडते.

२. फी ठरवताना कागद करा

वकील दोन-तीन तरी भेटा. सांगलीत विजयनगरच्या कोर्टात एका वकिलाची फी दुसऱ्याच्या दुप्पट असू शकते, आणि दुप्पट फीवाला दुप्पट वेळा हजर राहतो असं नाही. फी किती यापेक्षा ती कशाची आहे हे विचारणं जास्त महत्त्वाचं. हे प्रश्न वहीत लिहून न्या:

- फी एकरकमी की टप्प्याने? टप्प्याने असेल तर अर्ज दाखल करणं, अंतरिम (केस चालू असतानाच्या) पोटगीचा अर्ज, सरतपास-उलटतपास आणि युक्तिवाद यांचे वेगवेगळे किती?
- तारखेला वेगळे पैसे द्यायचे का? मुदत वाढवून घेतली त्या दिवशीही?
- टायपिंग, नोटरी, समन्सचा भत्ता, नकला यात धरलंय का?
- समोरच्याने घरगुती हिंसाचाराची किंवा दुसरी केस टाकली तर तिची फी वेगळी?
- तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर?

उत्तरं मिळाली की ती व्हॉट्सअ‍ॅपवर "आज आपलं असं ठरलं" म्हणून पाठवून ठेवा. वकील रागावत नाहीत. रागावलेच तर वकीलपत्रावर सही करायच्या आत कळलं, ते बरंच. पैसे शक्यतो यूपीआयने किंवा चेकने द्या. रोख दिले तर पावती घ्या. ही पावती पुढे कलम २४ च्या, म्हणजे समोरच्याकडून केसचा खर्च मागण्याच्या अर्जात लागते, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

काही गोष्टी वकिलाला नियमानेच करता येत नाहीत. "पोटगीचे जे मिळतील त्यातले वीस टक्के माझे" असा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी थकली म्हणून तुमची फाईल अडवून ठेवणंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलंय. वकील बदलायचा असेल तर जुन्या वकिलाची नाहरकत घेतात. ती मिळत नसेल तर कोर्टाची परवानगी मागता येते. आणि "वर द्यावे लागतील" असं कुणी म्हणालं, मग तो वकील असो, कारकून असो की चहाच्या टपरीवरचा ओळखीचा, तर पावती मागा. विषय तिथेच संपतो. तरीही मागणी चालू राहिली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

३. फुकट वकील आणि कोर्ट फी माफी

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींनाही तसंच. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. तिथून नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून फी घ्यायची नसते.

"फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील" असं लोक सर्रास म्हणतात. काही प्रमाणात खरंही आहे, पण पैसे घेणाऱ्यांतही कच्चे असतातच. पॅनेलवरचा वकील लक्ष देत नसेल तर त्याच कार्यालयात अर्ज करून बदलून मागा.

दुसरी सवलत राज्य सरकारची. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि लग्नासंबंधीच्या मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे. तुमच्या खर्चाच्या यादीत "कोर्ट फी" म्हणून मोठी रक्कम दिसली तर हा मुद्दा काढा.

४. कलम २४: वकिलाची फी समोरच्याकडून मागण्याची जागा

घाई असेल तर बाकीचं सोडा, एवढं वाचा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दोन गोष्टी मागता येतात: केस चालू असेपर्यंत दरमहा पोटगी आणि केसचा खर्च. ज्याच्याकडे पुरेसं स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याला हे मागता येतं. नवऱ्यालाही. बहुतेक अर्जांत पोटगीवर दोन पानं असतात आणि खर्चावर अर्धी ओळ: "तसेच योग्य तो खर्च देण्यात यावा." मग कोर्टही अंदाजाने किरकोळ रक्कम लावतं. खर्चाचा वेगळा परिच्छेद करा. वकिलाला दिलेली फी (पावतीसह), पुढे द्यायची फी, समन्स, भाषांतर, नकला, गावाहून कोर्टापर्यंतचा प्रवास, लहान मूल सोबत असेल तर त्याची सोय, हे सगळं आकड्यांत मांडा.

समोरच्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत या अर्जाचा निकाल लागावा असं कायद्यातच लिहिलंय. "शक्यतो" हा शब्द फार लांब ताणला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या सगळ्या प्रकरणांसाठी काही नियम घालून दिले. त्यातले कामाचे असे: दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात दिलं पाहिजे. समोरच्याने ते द्यायला चार आठवडे. टाळाटाळ करत राहिला तर त्याचा बचाव खोडता येतो, म्हणजे त्याचं म्हणणं धरलं जात नाही. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याखाली आधीच पोटगी मिळत असेल तर ती सांगायची, म्हणजे वजावट होते. तारखेला तुमचा वकील फक्त "शपथपत्र नाही आलं" एवढंच म्हणून खाली बसत असेल, तर हा निकाल हळूच त्याच्यासमोर सरकवा.

आता पुरावे. शहरात पगाराची स्लिप असते. आमच्याकडे प्रत्येक जण कोर्टात गरीब होतो. द्राक्षबागायतदार "बाग वाया गेली" म्हणतो, गलाईवाला "मी भावाच्या दुकानात कामाला आहे" म्हणतो. म्हणून ही जमवाजमव आधीच करा:

- जमिनीचा सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. कुठल्या गटात ऊस, कुठे द्राक्ष, हे पीकपाहणीत दिसतं.
- कारखान्याचं नाव आणि सभासद क्रमांक. ऊस बिल बँकेत जमा होतं, त्यामुळे खातं कुठल्या बँकेत आहे तेही.
- दूध संघ, पतसंस्था आणि सोसायटी यांची जुनी पासबुकं घरात असतील तर त्यांचे फोटो.
- धंद्याचं नाव. जीएसटीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकावरून मालकाचं नाव आणि पत्ता कुणालाही बघता येतो.
- नोकरदार असेल तर कार्यालयाचा पूर्ण पत्ता. माथाडी कामगार असेल तर मंडळाचं नाव.
- लग्नाचे फोटो, पत्रिका, दागिन्यांच्या पावत्या, मुलांच्या शाळेच्या फी पावत्या, औषधांची बिलं.

स्वतःला मिळत नाहीत ते कागद कोर्टामार्फत मागवा. कारखान्याला किंवा बँकेला कागद हजर करायला सांगा, असा अर्ज देता येतो. आणि स्वतःचं शपथपत्र खरं भरा. शिवणकाम, शिकवण्या, भावाने खात्यावर पाठवलेले पैसे, सगळं लिहा. उलटतपासात पासबुक समोर आलं की लपवलेले तीन हजार तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांनाही बुडवतात.

कलम २४ च्या आदेशावर नेहमीचं अपील नाही. फार अन्याय वाटला तर उच्च न्यायालयात रिट करावी लागते. म्हणून पहिल्याच फेरीत सगळं मांडायचं.

५. तारखा आणि कॉस्ट

समन्स बजावल्यावर कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस असतात, कोर्ट ते ९० दिवसांपर्यंत वाढवतं. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे एका बाजूला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही विचारा.

तरी हातात एक साधन आहे: कॉस्ट, म्हणजे वेळ वाया घालवणाऱ्याला कोर्टाने भरायला लावलेली रक्कम. समोरचा विनाकारण मुदत मागत असेल तर "हरकत आहे, कॉस्ट लावावी" असं आपल्या वकिलाकडून लेखी नोंदवा. नुसतं तोंडी म्हटलेलं रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या तारखेच्या नोंदीत) येत नाही. कॉस्टची रक्कम बहुधा इतकी किरकोळ असते की तिच्यात आपला दिवसभराचा खाडाही भरून निघत नाही. पण त्याच संहितेच्या कलम ३५-ब खाली लावलेली कॉस्ट पुढच्या तारखेला भरल्याशिवाय त्या बाजूला पुढे चालता येत नाही. तिची धार तिथे आहे. आदेश नीट वाचा: पैसे तुम्हाला द्यायचेत, कोर्टात भरायचेत की विधी सेवा प्राधिकरणाला? कॉस्ट तुमच्यावर बसली असेल तर भरून पावती पुरशीसबरोबर (कोर्टाला लेखी कळवण्याच्या कागदाबरोबर) जोडा. "कॉस्ट भरण्याच्या अटीवर अर्ज मंजूर" असं असेल आणि भरली नाही, तर मंजूर झालेला अर्ज गेला.

खोटी केस केली म्हणून मोठी भरपाई मिळेल, असं सांगणारे खूप भेटतील. कलम ३५-अ मधली भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. खोट्या शपथपत्राबद्दल फौजदारी कारवाईचा अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३४० खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७९. असे अर्ज ऐकायला दमदार वाटतात. माझं मत विचाराल तर त्यावर वेगळी फी घालवू नका. खोटेपणा उलटतपासात कागद दाखवून उघडा पाडा, पोटगीचा आकडा त्यानेच वर जातो.

केसचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक घेऊन ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाका. पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते तिथे दिसतं. समन्स घ्यायचं टाळलं, तारखेला गेलोच नाही, म्हणजे केस थांबते असं समजू नका, विशेषतः पुरुषांनी. एकतर्फी निकाल लागतो. तो रद्द करायला साधारण ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि तेव्हा कॉस्ट हमखास बसते.

६. संमतीने घ्यायचा असेल तर

कलम १३-ब. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, पहिला अर्ज आणि दुसरी हजेरी यांत सहा महिने. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते असं सांगितलंय. दुसऱ्या हजेरीपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सगळी रक्कम किंवा सगळे हक्क पहिल्याच दिवशी सोडू नका. टप्पे पाडा. शेवटचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या हजेरीला कोर्टासमोर. अटींमध्ये "समजुतीने देण्यात येईल" असं वाक्य कधीही मान्य करू नका. रक्कम, तारीख आणि न दिल्यास काय, हे तिन्ही हवं. छळाची फौजदारी केस चालू असेल तर ती नुसत्या तडजोडीने मिटत नाही, उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावी लागते. त्या कामाची फी कोण देणार, तेही अटींतच लिहा.

७. निकालाचं शेवटचं पान

निकालपत्र वीस-तीस पानांचं असेल, पण वसुलीला उपयोगी फक्त शेवटचा "आदेश" हा भाग. त्यावरून हुकूमनामा (डिक्री) तयार होतो. वाचताना हे तपासा: पोटगी कुठल्या तारखेपासून, दर महिन्याच्या कितव्या दिवशी, कुठल्या खात्यात. आधी मिळालेली अंतरिम रक्कम वजा आहे का. मुलांचं काय. स्त्रीधनाची यादी आली का. नावात, आकड्यात चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या.

खर्चाबाबत बहुतेक वेळा एकच ओळ असते: "खर्च ज्याचा त्याने सोसावा." ती वाचून लोक हबकतात. खर्च मंजूर झाला तरी हुकूमनाम्यातल्या तक्त्यात वकील फी नियमाच्या दराने धरली जाते, तुम्ही खरोखर दिलेली फी नव्हे. आणि फक्त खर्चाच्या मुद्द्यावर अपील करता येत नाही, हे कलम २८ मध्येच आहे. एवढ्यासाठीच कलम २४ वर मी इतकं लिहिलं.

कायमची पोटगी कलम २५ खाली वेगळी मागावी लागते. निकालाच्या वेळी किंवा नंतरही. "घटस्फोट झाला की नवऱ्याची अर्धी जमीन" असा काही नियम आपल्याकडे नाही. पण पोटगीच्या रकमेचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. हे मागणीत असेल आणि आदेशात आलं असेल, तर नक्कल घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (जुने तलाठी) अर्ज द्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद झाली की ती जमीन गुपचूप विकणं अवघड होतं. बागायती पट्ट्यात कोर्टाच्या नोटिशीपेक्षा या एका ओळीला लोक जास्त घाबरतात.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही बाजूंना विनामूल्य द्यावी असं कलम २३(४) सांगतं. ती मागा. शिवाय दोन-तीन प्रमाणित नकला काढून ठेवा, बँक आणि पीएफला लागतात.

८. पैसे येत नसतील तर

अंतरिम पोटगी थकली तर समोरच्याचा बचाव खोडावा असा अर्ज त्याच केसमध्ये द्या. त्याशिवाय कलम २८-अ प्रमाणे आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते, म्हणजे दरखास्त. तिची फी वकिलाकडे वेगळी असते, सुरुवातीलाच विचारून ठेवा.

पगारदार असेल तर पगार जप्त करता येतो. इतर कर्जांसाठी पगाराचा मोठा भाग सुरक्षित असतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी फक्त एक तृतीयांश सुरक्षित, बाकीचा जप्त होऊ शकतो. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बैल यांना संरक्षण आहे. कारखान्याकडून येणं असलेलं ऊस बिल मात्र जप्त करता येतं. सोसायटीचं कर्ज आधी वळतं होतं, हे धरून गाळप सुरू व्हायच्या आत अर्ज करा. फौजी असेल तर, साताऱ्याकडे हे घरोघरी आहे, सैन्याच्या कायद्यातच पगारातून पोटगी कापण्याची सोय आहे. युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे आदेशाच्या नकलेसह अर्ज पाठवा. पत्ता माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

पोटगी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) खाली मिळालेली असेल तर सापळा लक्षात ठेवा. थकबाकी देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज हवा. "होळीनंतर देतो, दिवाळीनंतर देतो" ऐकत बसलात की मागचे महिने त्या मार्गाने हातचे जातात. दिवाणी हुकूमनाम्याला १२ वर्षं आहेत.

९. अपील

वरिष्ठ स्तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर अपील जिल्हा न्यायालयात, मुदत ९० दिवस. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर थेट उच्च न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यात ३० दिवस लिहिलेत, तेवढेच धरून चाला. नकलेसाठी गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून नक्कल-अर्ज निकालाच्याच दिवशी द्या. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही.

उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिथे येतात. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं, मुक्कामाचा खर्च वाचतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला असेल आणि समोरचा वर जाईल असं वाटत असेल, तर वरच्या कोर्टात कॅव्हेट (आधीच दिलेली लेखी सूचना) दाखल करा. ते ९० दिवस चालतं, आणि तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळत नाही. दुसरं लग्न अपिलाची मुदत संपेपर्यंत करता येत नाही. मुदत संपली तरी ई-कोर्ट्सवर दोघांच्याही नावाने अपील दाखल आहे का ते शोधून, मगच हॉल बुक करा.